वरच्या गॅलरीत उड्या

वरची गॅलरी भरत आली, तसा इंजिनीअर बाईने माइक एकदा तपासून घेतला. ती खाली मैदानाच्या कडेला, टेबलावर मांडलेल्या लॅपटॉपपाशी उभी होती. डोक्यावर हेल्मेट, हातात माइक. वर शहरातून बोलावलेली माणसं हसतखिदळत जागा धरत होती. सामना नव्हताच. आज त्यांनी फक्त उड्या मारायच्या होत्या.

फुटबॉलची स्पर्धा तोंडावर आली होती आणि स्टेडियमचं एवढंच काम अडलं होतं. मागच्या चाचणीत ही गॅलरी हवी त्यापेक्षा जास्त हलली होती. पडली नसती, पण गॅलरी हलली की माणसं घाबरतात, आणि घाबरलेली माणसं जिन्याकडे धावत सुटतात. म्हणून तिने खालून नवे पोलादी टेकू दिले होते. आज पुन्हा हलणं मर्यादेबाहेर गेलं, तर सामने दुसऱ्या शहराला जाणार होते. स्पर्धेच्या समितीचे तपासनीस शेजारीच हाताची घडी घालून उभे होते. 

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आई, मी कामात आहे. नंतर करते."

"ठाऊक आहे मला. वर बघ. डावीकडे, अगदी टोकाला. हात करतेय बघ."

तिने वर बघितलं. इमारतीतल्या दोन शेजारणींच्या मधोमध आई उभी होती आणि सहलीला आल्यासारखी हात हलवत होती.

"तू तिथे काय करतेस? घरात सगळ्यांना बजावलं होतं ना मी, आज कुणी इकडे फिरकायचं नाही म्हणून!"

"बजावलंस खरं. म्हणून तर आले."

"आई, खाली ये. आत्ताच्या आत्ता."

"का गं? पडणार आहे का?"

"नाही. पडणार नाही."

"मग?"

तिने जिन्याकडे बघितलं.

"माझ्या मागच्या रांगेत एक आजी आहेत, माझ्याहून थोरल्या," आई म्हणाली. "त्यांना पण खाली ये म्हणून सांगणार आहेस का?" आवाज चढलेला नव्हता. निघताना गॅस बंद केलास का, असं विचारावं, तसं तिने विचारलं.

लॅपटॉपसमोर बसलेल्या सहकाऱ्याने मान वर केली. "मॅडम, सुरू करायचं?"

एका सुरक्षारक्षकाला खूण केली असती, तर आई मुकाट्याने खाली आली असती. तिने खूण केली नाही. "कठडा घट्ट धर," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि माइक तोंडापाशी नेला.

"सगळ्यांनी नीट ऐका. गॅलरी थोडी हलेल. हलायलाच हवी, तशीच बांधलीय ती. मी थांबा म्हटलं, की जागच्या जागी थांबायचं, जिन्याकडे पळायचं नाही. आणि ज्यांना नको वाटत असेल, त्यांनी आत्ताच खाली यावं. कुणी नावं ठेवणार नाही."

पाच-सहा जण खाली आले. त्यांत आई नव्हती. मागच्या रांगेतल्या आजीही नव्हत्या.

ध्वनिक्षेपकातून ढोल सुरू झाला. आधी संथ. तालावर सगळी माणसं एकदम वर जायची आणि एकदम खाली यायची, धप्प, धप्प. लॅपटॉपच्या पडद्यावर गॅलरीचं हलणं दाखवणारी रेघ आळोखेपिळोखे देत हलत होती. मग ताल वाढला. रेघ उंच झाली. आणखी वाढला, तशी ती मर्यादेच्या तांबड्या रेषेच्या दिशेने चढायला लागली. वरच्या हसण्याचा सूर बदलला. कुणीतरी किंचाळलं. तपासनिसांच्या हाताची घडी सुटली.

"थांबवायचं का?" सहकारी हळूच म्हणाला.

तिचं बोट माइकच्या बटणावर होतं. आई वर नसती, तर आत्ता थांबवलं असतं का? तिने स्वतःलाच विचारलं. नसतं.

"नाही. अजून नाही."

गॅलरीकडे तिने बघितलंच नाही. नजर रेघेवर रोवून ती उभी राहिली. रेघ तांबड्याच्या अगदी खाली आली, तिथे थरथरली, आणि ताल वाढत असूनही पुढे सरकेना. मग ढोल आणखी जलद झाला आणि रेघ आपली आपण खाली उतरायला लागली. गॅलरीला सगळ्यात जास्त हलवणारा ताल मागे पडला होता, आणि टेकूंनी जोर पेलला होता.

"थांबा," ती माइकमध्ये म्हणाली. ढोलाच्या आवाजात ते वर पोचलंच नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

"सामने इथेच होतील," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. तिला आधी माइकवर आवळलेली बोटं सोडवावी लागली.

ती जिने चढून वर पोचली, तेव्हा माणसं खाली उतरत होती. आई खुर्चीत बसली होती, चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले.

"घाबरलीस?"

"पहिल्यांदा. पायाखालची जमीनच सरकल्यासारखी वाटली बाई. मागच्या आजींनी माझा दंड असा धरला, की वळ उठलाय." आईने दंड चोळला. "पण तू सांगितलं होतंस ना, हलायलाच हवी म्हणून. मग म्हटलं, हलू दे."

ती धपकन शेजारी बसली. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, मग दोन्ही एकदमच. आईने तिला मनसोक्त रडू दिलं.

"तू नाही मारलीस एकही," आई तिचे डोळे पुसत म्हणाली.

"काय?"

"उडी."

तिने आजूबाजूला बघितलं. गॅलरी रिकामी झाली होती. तिने हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवलं, उभी राहिली आणि उडी मारली. मग आणखी एक. मग अंगातली सगळी ताकद लावून, पोरीसारखी, एकामागून एक.

"हळू गं," आई म्हणाली. "गुडघे दुखतील."