मेलेल्या बायकोचं कौतुक

अपील दाखल झालं होतं, शिक्षेला स्थगितीही मिळाली होती. किसनसिंगला घरी न्यायला आता फक्त जामीनदार हवा होता. त्याची बायको जमनी आपल्या नावावरच्या शेताचा सातबारा घेऊन यवतमाळच्या कोर्टात सकाळपासून बसली होती. समोरच्या बाकावर नवरा, त्याच्या शेजारी पोलीस.

जमनीच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बबिता येऊन टेकली. फिर्यादी तीच. बायको वारली असं सांगून किसनसिंगनं तिच्याशी लग्न ठरवलं आणि तिच्या गळ्यातलं सोनं घेऊन पसार झाला. त्याचीच ही शिक्षा.

जमनीला राहवेना. "काहून वं, मी जिती असून तुले खरं वाटलंच कसं?"

"घुगरी दाखवली त्यानं. तुमचीच."

तांड्यातली बाई कानाजवळच्या केसांत अडकवलेली चांदीची घुगरी नवऱ्याच्या हयातीत उतरवत नाही. ती नवऱ्याच्या हातात दिसली, की बाई गेली असंच कोणीही धरेल. जमनीनं मात्र ती आपल्या हातानं उतरवून दिली होती. सोनाराकडून उजळून आणतो म्हणाला, तर ही भोळी हुरळून गेली. इतक्या वर्षांत त्याला तिच्या दागिन्याची पहिल्यांदाच आठवण झाली होती.

"अन् रडला किती!" बबिता म्हणाली. "म्हणे, तिच्या हातची भाकर आठवली का घास उतरत नाही. मले वाटलं, मेलेलीवर इतका जीव लावते, तर जितीले काय कमी पडन?"

जमनीच्या अंगाची लाही लाही झाली. लग्नाचं, सोन्याचं तिनं कधीच गिळलं होतं. भाकरीचं गिळवेना. घरी ताटाकडे न बघता जेवणारा हाच माणूस! त्या मेलेल्या जमनीचा तिला असा हेवा वाटला, की समोर असती तर झिंज्याच उपटल्या असत्या.

"अजून काय म्हणे?"

"ती हसली का घर भरून जाये, म्हणे."

तेवढ्यात वकिलांनी हाक मारली. "चला बाई, जामिनावर सही करा."

जमनी उठली आणि सरळ नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सही करीन मी. पण आधी माह्यासाठी रडून दाखवा. हिच्यापुढं रडले तसे."

किसनसिंग ओशाळं हसला. वकिलांकडे पाहिलं, पोलिसाकडे पाहिलं. मग खरंच डोळे मिटून, तोंड वाकडं करून त्यानं बराच जोर लावला. पोलीससुद्धा वाकून बघू लागला. डोळे कोरडेच.

"तू अशी समोर उभी असली का येत नाही ना," तो कुरकुरला.

जमनीनं सातबाऱ्याची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"बरं," ती म्हणाली. "मंग मी मेल्यावरच येईन तुमाले सोडवाले."