शेवटून दुसरी खुर्ची

दोन हजार नऊ साली शाळेच्या इंग्रजी लॅबमध्ये शिंप्याच्या मुलीला पुन्हा शून्य मिळालं, आणि हेडसरांनी तिच्या वडिलांना लॅबमध्येच बोलावून घेतलं.

लॅबचा थाट मोठा होता. जाड पडदे, थंडगार हवा, टेबलाटेबलावर संगणक. हेडफोनमधून वाक्य ऐकायचं आणि ते टाइप करायचं. गुण संगणकच देई. शेजाऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही. भाषा शिकायच्या खोलीत हा नियम.

"पोरगी हुशार आहे हो सर," शिंपी म्हणाला. "घरी इंग्रजीचं पुस्तक धडाधड वाचते."

"तुमच्या सांगण्यावर शाळा चालत नाही. संगणकाचं कुणाशी वैर नसतं. उद्यापासून ती खालच्या तुकडीत."

खालच्या तुकडीला पुढे विज्ञान मिळत नसे. त्याच वर्षी लहान शाळेतून आलेल्या त्या मुलीला एवढं ठाऊक होतं.

इंग्रजीच्या बाईंनी सारा जन्म खडूने शिकवण्यात घालवला होता. लॅबचं दार उघडण्यापुरतंच आता त्यांचं काम उरलं होतं. त्या उठल्या, मुलीला घेऊन शेवटून दुसऱ्या खुर्चीपाशी गेल्या आणि तिचा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. संगणकावर वाक्य चालू असल्याची हिरवी पट्टी सरकत होती. कानात काहीच नव्हतं.

बाई टेबलाखाली वाकल्या. वायरचं टोक लोंबत होतं. त्यावरची कारखान्याची प्लास्टिकची टोपीसुद्धा कुणी काढली नव्हती.

"कधीपासून असं आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"मला वाटलं, ज्यांना इंग्रजी येतं त्यांनाच ते ऐकू येतं."

"एका वायरीचा केवढा बाऊ," हेडसर पुटपुटले.

बाईंनी हेडफोन त्यांच्यापुढे धरला. "बसा ना तुम्ही. एक गुण मिळवून दाखवा."

ते बसले नाहीत.

मुलगी वरच्या तुकडीतच राहिली. आज ती औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम बघते आणि बापाला मशीनवर बसू देत नाही. बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांना बोलायला वेळच उरला नाही. हेडसरांना आधुनिक शाळेबद्दल मानपत्र मिळालं, शाल मिळाली.

लॅब तेव्हा तीन वर्षांची जुनी होती. शिंप्याच्या मुलीआधी दर वर्षी एक पोर त्या खुर्चीवर बसलं होतं. तिघंही खालच्या तुकडीत गेली. त्यांना परत बोलावण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही.