बाप उठतो

"सर, तुमचा बाप पुन्हा पळाला," दिग्दर्शक फोनवर म्हणाला आणि हसला. लेखकांना काही हसू आलं नाही. एकेचाळिसावा सीन तिसऱ्यांदा परत आला होता.

हात थरथरतात म्हणून लेखक हल्ली नुसते बोलतात आणि मुलगी लॅपटॉपवर टाइप करते. दुपारची जेवणं उरकली की ती तिच्या घरून येते आणि दोघं टेबलाशी बसतात. सीन म्हटला तर सरळ आहे. सिनेमातली मुलगी बापाला सांगते, माझं लग्न मोडलं. बाप काय करतो? पहिल्या खर्ड्यात दूध आणायला गेला. दुसऱ्यात गाडी धुवायला. तिसऱ्यात चक्क शेजाऱ्याचा नळ दुरुस्त करायला!

"अंगावर आलं की तो उठतो," लेखक तणतणले. "त्याचा स्वभावच तो. त्याला मी काय करू?"

"सगळेच असे आहेत, बाबा. तुमच्या अकरा सिनेमांतले बाप. शेवटचे सहा तर मीच टाइप केलेत." मुलगी पडद्याकडे बघतच बोलत होती. "आई गेली त्या दुपारी तुम्ही हॉस्पिटलमधून छत्री आणायला घरी आलात. बाहेर कडक ऊन होतं."

लेखकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे आता सीन तू लिहिणार?"

"नाही. मला फक्त एक सांगायचंय. बुधवारी माझं ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे. चांगली नाहीये, असं डॉक्टर म्हणाले. कळून तीन आठवडे झाले. तुमच्या जावयाला माहीत आहे, नातीला माहीत आहे. तुम्हालाच सांगितलं नव्हतं."

लेखक उठले.

बिचारे! ठरवून नाही उठले. टेबलाची कड धरून उभे राहिले, आणि तोंडातून आलं ते रोजच्या सवयीचं.

"बाप उठतो."

मुलीची बोटंही सवयीनेच चालली.

"दाराकडे बघतो."

तिने तेही टाइप केलं. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं, ते तसंच राहू दिलं.

"मग?" तिने विचारलं.

"मग... परत खाली बसतो."

लेखक अजून उभेच होते. हे वाक्य तिने टाइप केलं नाही.

"लिहायला काय जातंय, बाबा?" ती हळूच म्हणाली.

"त्याला जमत नाहीये गं." त्यांचा आवाज फुटला. "मला जमत नाहीये. पोरी, मला फार भीती वाटते."

मुलीने उठून त्यांना दंडाला धरून बसवलं आणि शेजारची खुर्ची ओढून स्वतः बसली. फोन वाजला, दिग्दर्शकाचाच असणार. वाजून वाजून थांबला.

"बुधवारी किती वाजता?" लेखकांनी विचारलं.

"सातला पोचायचंय."

"मी येणार."

मुलीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ लेखकांना बरोबर कळला.

"येणार म्हणतोय ना!" ते चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिथं पोचलो की माझ्या चपला काढून घे. जावईबापूंच्या पिशवीत टाक. आणि त्यांना सांगून ठेव, तू बाहेर येईपर्यंत मी कितीही मागितल्या, अगदी पाया पडलो, तरी द्यायच्या नाहीत."