दोन महिने टिकणारं पनीर

श्रीपादने आईच्या फ्रिजमध्ये पनीरची आठ पाकिटं रचली. "आता दोन महिने बघायला नको. आमच्या डेअरीचं नवं आहे, खराब होत नाही."

आधीचं आठवडाभरच टिकायचं, म्हणून तो दर रविवारी यायचा. शेजारणींना वाटे, मुलगा आईसाठी येतो. सुमतीबाईंचा तसा काही गैरसमज नव्हता.

"असं घातलंय तरी काय यात?"

"निसिन. दुधातलेच काही जंतू ते बनवतात, दुसऱ्या जंतूंना मारायला. जंतूच्या आवरणाला त्याने भोकं पडतात, आतलं सगळं गळून जातं आणि जंतू मरतो."

इतकं सलग तो वर्षभरात बोलला नव्हता. म्हणून त्यांनी आणखी विचारलं, "मग याला कधी काहीच होत नाही?"

"बुरशीपुढे निसिनचं चालत नाही गं. पाकीट फोडलं की तीन दिवसांत संपवायचं." त्याने गाडीची किल्ली उचलली. "चल, येतो. जपून राहा."

फाटक लागेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. मग आठही पाकिटं ओट्यावर काढली, कात्रीने एकेकाचा कोपरा कापला आणि पुन्हा होती तशी फ्रिजमध्ये रचली.