पाचातले दोन

"बटर, विंडो, टायगर, रिबन, लॅडर. म्हण आता," दीपा म्हणाली.

निहारच्या ओठातून रक्त ठिबकत होतं. "बटर..." तो अडला. "टायगर." एवढे दोनच.

ड्रेसिंग रूमच्या बाहेर पाच हजार लोक रिंकच्या काचेवर मुठी आपटत होते. आयर्न रॅम्स म्हणजे आइस हॉकीतली एक नंबरची दांडगट टीम. त्यांच्या मॅचला गोल किती झाले हे कुणी विचारत नाही, आडवे किती झाले ते विचारतात! आज मात्र त्यांचाच निहार आडवा झाला होता. थेट डोक्यावर.

दीपा टीमची ट्रेनर. डोक्याला मार बसला की ही टेस्ट घ्यायची आणि सीझनच्या सुरुवातीच्या टेस्टशी ताडून बघायची. मार्क तेवढेच आले, तर पोरगा परत बर्फावर. कमी आले, तर घरी. आणि रॅम्सचा घरी बसलेला पोरगा सहसा परत येतच नसे. म्हणून दर सप्टेंबरला, सीझनच्या पहिल्या टेस्टआधी, दीपा हळूच एकेकाच्या कानात सांगायची, "पाचही आठवले तरी दोनच सांग हं." म्हणजे पुढे मार बसला तरी मार्क कमी दिसायचे नाहीत. तीन सीझन असं चाललं होतं, कोचच्या नकळत. पोरं तिच्यावर जीव टाकायची. निहार तर तेव्हा डोळा मारून म्हणाला होता, "दीपाताई, यू आर द बेस्ट!"

"निहार, खरं सांग. पाचही आठवतायत आणि लपवतोयस ना?"

"काय लपवतोय, ताई?"

दारातून कोच मॅक्रे आत आला. त्यानं दोन्ही टेस्टचे कागद उचलून शेजारी शेजारी धरले. "सप्टेंबरमध्ये दोन, आज दोन. चल, ऊठ!"

बोललं तर नोकरी जाणार, लायसन्स जाणार. गप्प बसलं तर हे पोरगं जाणार. ती दारात आडवी उभी राहिली.

"थांबा, कोच. सप्टेंबरचे मार्क खोटे आहेत. मीच शिकवलं होतं त्याला. सगळ्यांनाच."

कोच चिडला नाही. त्यानं निहारच्या हेल्मेटचा पट्टा आवळला, त्याला पुढे घातलं आणि दीपाला हलकेच बाजूला सारलं.

"ठाऊक आहे की," तो अगदी मायेनं म्हणाला. "नाहीतर तीन वर्षं तुला ठेवली कशाला असती?"