बेचाळिसावा जोड

टिपणीस बाईंच्या वर्गाबाहेर चपलांचे एकेचाळीस जोड होते. मी दोनदा मोजले. माझ्या वर्गाबाहेर एकच होता, तोही माझा.

आमच्या क्लासमध्ये शनिवारी सगळ्या विषयांचे शंकांचे तास एकाच वेळी असतात आणि मुलं हवं तिथे बसतात. ज्याचा तास भरेल त्यालाच दहावीचा रविवारचा जादा तास मिळेल, असं संचालकांनी बजावलं होतं. दोन वर्षं तो माझ्या भौतिकशास्त्राकडे होता. इंग्रजीच्या टिपणीस बाई जूनमध्ये आल्या.

मी अनवाणीच त्यांच्या दाराला कान लावला.

"नावाबद्दल सांगतं ते विशेषण आणि क्रियेबद्दल सांगतं ते क्रियाविशेषण. उदाहरण कोण देतंय?"

"बाई, मी बॅड नाही, मी फक्त बॅडली लिहितो!"

"तुझी वही बघून मला दोन्ही पटतं. बस खाली."

वर्ग खदखदून हसला. माझ्या तासाला असं कधी कोणी हसलं नव्हतं. त्याहून झोंबलं ते हे, की पदवीपर्यंत न कळलेला तो फरक मला दाराबाहेर उभ्या उभ्या कळला.

तेवढ्यात दार उघडलं.

"सर, बाहेर का उभे? या ना आत."

"खडू हवा होता," मी म्हणालो. खडू माझ्या हातातच होता.

बाईंनी तो पाहिला आणि मागच्या बाकावरच्या मुलांना फक्त सरकायला सांगितलं.

बाई कुठेतरी चुकतीलच, असं स्वतःला समजावत मी परत गेलो, माझा जोड उचलला आणि त्यांच्या दाराशी रांगेच्या शेवटी आणून ठेवला.

बेचाळीस.