खारट

रविवारी दुपारी एक वाजता कोझिमो अखेर मुलाच्या खाणावळीत येऊन बसला, आणि त्याने फक्त कॉफी मागवली.

"जेवणाच्या वेळेला कॉफी?" वाढणारी नोएमी म्हणाली. "काका, आत तुमचा मुलगा सकाळपासून तुमच्यासाठी खपतोय."

"माझं जेवण झालंय."

झालं होतं खरं. इटलीच्या मुक्तिदिनाला जोडून आलेल्या सुट्टीत दक्षिणेतल्या लेच्चेहून पार उत्तरेला तोरिनोला मुलाकडे येताना त्याने घरचा पाव आणि चीज पिशवीत बांधून आणलं होतं. तीन दिवस तो तेच खात होता, कमानींच्या सावलीत, उभ्याउभ्या. बाकी वेळ शहर बघत होता. गवंडी माणूस. कारिन्यानो महालाची विटांची भिंत लाटेसारखी वळत जाते, तिथे तर तो तासभर थांबला. विटांमधल्या फटीत नख घालून बघितलं आणि सोबत फिरणाऱ्या मुलाला, रोक्कोला, म्हणाला, "बघ. अशी माणसं होती. आमच्या चार पिढ्यांनी दगड घडवला. पाचवी पीठ मळतेय."

"रविवारी जेवायला या," एवढंच रोक्को म्हणाला होता.

कॉफी आली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जेवत होतं. नोएमीने त्यातल्या बापापुढे आन्योलोत्तीची ताटली ठेवली. मांसाचं सारण भरून चिमटीने मिटलेल्या, नखाएवढ्या पुड्या, वर दाट रस्सा. माणसाने एक घास घेतला आणि काटा खाली टाकला.

"आचाऱ्याला बोलाव."

रोक्को हात पुसत बाहेर आला. बापाकडे त्याने बघितलं नाही.

"काय रे, मिठाचं पोतं फुटलं का आत?"

"माफ करा. दुसरी ताटली देतो."

"दुसरीही तूच करणार ना?"

त्याच्या टेबलावर हशा पिकला. पलीकडच्या टेबलांवरची बोलणी थांबली. रोक्कोचे कान लालबुंद झाले. मान खाली घालून त्याने ताटली उचलली आणि तो वळला.

"रोक्को," कोझिमो म्हणाला. "ती इकडे ठेव."

"बाबा, उष्टी आहे ती."

"ठेव म्हटलं ना."

रोक्कोने ठेवली. कोझिमोने कॉफीचा कप बाजूला सरकवला आणि खायला सुरुवात केली. घाई न करता, एकेक पुडी काट्याने टिपून. शेजारचा माणूस आधी हसऱ्या तोंडाने बघत होता. मग त्याने उगाचच बायकोला गाडीची वेळ विचारली. कोझिमो खात राहिला. ताटली संपल्यावर त्याने नोएमीकडे पाव मागितला आणि उरलेला रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पुसून खाल्ला.

मग रिकामी ताटली स्वतः उचलून तो आत गेला.

रोक्को ओट्याला टेकून उभा होता. कोझिमोने नळाखाली पेला धरला, पाणी गटागटा प्यायला, पुन्हा भरून पुन्हा प्यायला.

"त्याचं बरोबर आहे," तो म्हणाला. "खारट झालंय."

"मला कळलंय. आत्ता चाखलं." रोक्कोचा आवाज चिरकला. "तुम्ही बाहेर येऊन बसलात आणि मी रश्श्यात मीठ दोनदा टाकलं. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

"हं."

"मग खाल्लंत कशाला सगळं?"

कोझिमोने पेला विसळला, पालथा घातला. ओट्यावर पिठात मांडून ठेवलेल्या आन्योलोत्तीच्या रांगांकडे बघितलं. सगळ्या एका मापाच्या. एकही रेषेबाहेर नव्हती.

"मी बांधलेली पहिली भिंत वाकडी आली होती," तो म्हणाला. "सतरा वर्षांचा होतो. घरमालक बघायला आला, तर माझा बाप तिला पाठ लावून उभा राहिला. मालकाशी गप्पा मारल्या, उन्हाळ्याबद्दल, द्राक्षांबद्दल. दोन तास. तो जाईपर्यंत बाप जागचा हलला नाही."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं."

बाहेरून नोएमीने आणखी दोन ताटल्यांची हाक दिली.

"आणि मालक गेल्यावर?" रोक्कोने विचारलं.

"गेल्यावर मला म्हणाला, आता पाड."

रोक्कोने रश्श्याचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि मोरीत उपडं केलं.